आर्किटेक्चर आणि डेटा मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर शोधण्यात गेलेले आमचे सात महिने

सगळं सुरू झालं एका ट्रकमुळे. शनिवारी रात्री चाकणहून आमचा माल साणंदला निघाला, रविवारी दुपारी तिथे पोचला आणि गेटवरच उभा राहिला, कारण इनव्हॉइसवर ग्राहकाचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा होता म्हणजे महाराष्ट्राचा, आणि माल उतरवून घेणारा प्लांट गुजरातचा, त्याचा नंबर २४ ने सुरू होतो. नंबर चुकला म्हणजे टॅक्सपण चुकला, परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लागायला हवा तिथे राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी आणि एसजीएसटी लागून गेलेले. ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरचा त्याचा नोंदणी नंबर, रद्द करायचा तर २४ तासांच्या आत करावा लागतो आणि आमच्या लक्षात आलं तेव्हा सोमवार उजाडला होता. मग क्रेडिट नोट, नवीन इनव्हॉइस, ग्राहकाच्या परचेसवाल्यांना दहा फोन, आणि ड्रायव्हर बिचारा दोन रात्री गाडीतच.

मी कंपनीच्या आयटीत बारा वर्षं आहे, त्यामुळे चूक कुठे झाली ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. आणि शोधायला बसले तर चूक अशी कुणाचीच सापडेना. ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीचे मुख्य व्यवहार चालतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या ग्राहकाचा एकच कोड आणि त्याखाली सहा पत्ते. अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच ग्राहकाची चार लेजर, प्रत्येक जीएसटी नंबराला एक. डिस्पॅचच्या एक्सेलमध्ये प्लांटची टोपणनावं, 'साणंद जुना', 'साणंद नवा', 'मानेसर'. आणि क्वालिटीवाल्यांच्या तक्रारींच्या शीटमध्ये तोच ग्राहक त्याच्या जुन्या नावाने, जे नाव कंपनीने केव्हाच बदललंय. चारही जण आपापल्या जागी बरोबर होते, पण 'ग्राहक म्हणजे कोण' याचं उत्तर चार ठिकाणी चार होतं.

मी हे एमडी साहेबांना कागदावर काढून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले आणि म्हणाले, "असं सगळ्या कंपनीचं एका ठिकाणी दिसायला पाहिजे, त्यासाठी काही सॉफ्टवेअर असेल ना, बघा आणि घ्या." म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चर, सगळ्या कंपनीच्या सिस्टिमचा एकत्र आराखडा. हा शब्द त्यांनी वापरला नाही, मीपण तेव्हा नाही वापरला.

आधी मला स्वतःलाच एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली, कारण तिचा गुंता झाला की पुढचं सगळं बिघडतं. यात कामं दोन आहेत. एक म्हणजे कंपनीत कोणकोणत्या सिस्टिम आहेत, कोण वापरतं, कुठल्या सर्व्हरवर चालतात, एकीतून दुसरीत काय जातं, याचा नकाशा. दुसरं म्हणजे डेटाच्या आतलं, कोणती एंटिटी (ग्राहक, इनव्हॉइस अशी नोंद ठेवायची गोष्ट), तिची की म्हणजे ओळखीचा कोड कोणता, कोणाचं कोणाशी काय नातं, एकाला एक की एकाला अनेक. पहिल्या कामासाठी आर्किमेट नावाची चिन्हांची भाषा आहे, द ओपन ग्रुप ती सांभाळतं. दुसऱ्या कामाची मुळं पीटर चेन यांच्या १९७६ च्या ईआर (एंटिटी-रिलेशनशिप) मॉडेलच्या पेपरपर्यंत जातात, आणि आपण सगळे कॉलेजात ते चौकोन आणि कावळ्याच्या पायासारख्या रेषा काढून आलेलो असतो. बाजारात काही टूल पहिलं काम चांगलं करतात, काही दुसरं, आणि काही दोन्ही करतो म्हणतात. तुमचं दुखणं कुठलं हे आधी ठरवलं नाही तर डेमोमध्ये सगळंच छान दिसतं.

आम्ही एक सल्लागार घेतले होते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात १४० ओळींची एक्सेल शीट पाठवली. प्रत्येक ओळीत एक निकष, समोर शून्य ते पाच मार्क. मी, नेटवर्कचा एक मुलगा आणि डेटाबेस बघणारी मैत्रीण, आम्ही तिघांनी तीन शनिवार ती शीट भरली, आणि शेवटी पाच टूलच्या बेरजांमध्ये इतका थोडा फरक आला की त्यावरून काहीही ठरवता येईना. माणूस नेटाने भरतो अशी शीट, पण १४० निकषांत ट्रक गेटवर का अडला याचं उत्तर देणारा एकही निकष नव्हता. मला त्या तीन शनिवारांचं अजूनही वाईट वाटतं.

मग मी ती शीट बाजूला ठेवली आणि सगळ्या व्हेंडरना एकच निरोप दिला, की तुमचा नमुन्याचा डेटा दाखवू नका, आमचा हा ग्राहकाचा प्रश्न घ्या आणि आमच्यासमोर सोडवून दाखवा. सोबत एक पान दिलं. त्यात लिहिलं होतं की जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, मग त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते, मग बहुतेक वेळा झेड, आणि शेवटी चेक डिजिट. म्हणजे एका कंपनीचा पॅन एक, नोंदण्या अनेक, आणि एका नोंदणीखाली प्लांटपण अनेक असू शकतात. आता आमच्या तिन्ही पातळ्या मॉडेलमध्ये दाखवा, कोणती सिस्टिम कोणत्या पातळीला 'ग्राहक' म्हणते ते दाखवा, आणि उद्या ग्राहकाने होसूरला नवीन प्लांट टाकला, ३३ चा नंबर आला, तर कुठकुठे बदल करावा लागेल ते एका क्लिकवर दाखवा.

पाचपैकी दोघांनी पुढची तारीखच दिली नाही. एकांनी स्पष्ट सांगितलं की यासाठी वेगळी पेड पीओसी, म्हणजे पैसे घेऊन चाचणीपुरतं काम, करावी लागेल. मला तो माणूस प्रामाणिक वाटला.

या सगळ्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते रिव्हर्स इंजिनिअरिंगच्या, म्हणजे चालू डेटाबेसवरून त्याचं मॉडेल काढण्याच्या, दिवसाने. आमच्या ईआरपीचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर आहे, त्याची एक कॉपी टेस्ट सर्व्हरवर लावली, एका डेटा मॉडेलिंग टूलचे इंजिनिअर आले, त्यांनी कनेक्शन दिलं, बटण दाबलं. चहा येईपर्यंत स्क्रीनवर ११४० टेबलं आली. आणि कुठल्याही दोन टेबलांमध्ये रेष नाही! मार्केट यार्डात पोती उतरवून ठेवावीत तसे नुसते चौकोन, स्क्रोल करत जा कितीही. ते इंजिनिअर गोंधळले, त्यांना वाटलं परवानगी कमी पडली. माझ्या मैत्रिणीने शांतपणे सांगितलं की आमच्या ईआरपीत फॉरेन की, म्हणजे एका टेबलला दुसऱ्याशी जोडणारे दुवे, घातलेल्याच नाहीत, नाती सगळी प्रोग्रामच्या कोडमध्ये आहेत. जुन्या ईआरपींमध्ये हे सर्रास असतं, डेटा भरताना वेग मिळावा म्हणून किंवा तेव्हा सोपं पडलं म्हणून, कारण काहीही असो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, कुणीही डेटा मॉडेलिंगचं टूल घेत असेल तर आधी आपल्या डेटाबेसमध्ये फॉरेन की किती आहेत ते मोजा. पाच मिनिटांची क्वेरी आहे. त्या एका आकड्यावर अर्धा निर्णय होतो.

फॉरेन की नसतील तर मग टूलला कॉलमच्या नावावरून नाती ओळखता येतात का हे बघावं लागतं. ओरॅकलचं एसक्यूएल डेव्हलपर डेटा मॉडेलर आहे, ते फुकट मिळतं आणि एसक्यूएल सर्व्हरलाही जोडता येतं, त्यात फॉरेन की शोधून काढायची सोय आहे, एका टेबलच्या प्रायमरी कीचं (ओळ ओळखायच्या मुख्य कॉलमचं) नाव दुसऱ्या टेबलच्या कॉलमशी जुळलं की ते नातं सुचवतं. आम्ही ते लावलं आणि पोत्यांच्या ढिगात पहिल्यांदा रेषा दिसल्या. पण त्याआधी मैत्रिणीने एक युक्ती केली, प्रत्येक टेबलमध्ये किती ओळी आहेत ते काढलं. ११४० पैकी ओळी असलेली टेबलं निघाली ३१२. बाकीची रिकामी, म्हणजे आम्ही कधी न घेतलेल्या मॉड्यूलची, किंवा कुणीतरी २०११ साली बॅकअप म्हणून केलेली. रिकामी काढून टाकल्यावर चित्र माणसाच्या आवाक्यात आलं.

तरी ग्राहकाचं टेबल एकटंच पडलेलं. कारण विक्रीच्या मॉड्यूलमध्ये कॉलमचं नाव कस्ट-सीडी आणि वसुलीच्या मॉड्यूलमध्ये पार्टी-सीडी, दोन्ही एकच गोष्ट, पण टूलला कसं कळणार. ते कळलं आम्हाला एका वहीतून. ईआरपी बसवताना जे प्रोग्रामर आमच्याकडे यायचे ते आता निवृत्त झालेत, त्यांना फोन केला तर म्हणाले माझी वही तुमच्या स्टोअरच्या कपाटात असेल बघा. आणि खरंच होती! निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, प्रत्येक पानावर टेबलचं नाव, कॉलम, आणि शेजारी मराठीत बारीक अक्षरात शेरे, 'ही पार्टी म्हणजेच कस्टमर', 'इथे शून्य म्हणजे रद्द', 'हा दर मार्चनंतर बदलतो'. आमच्या कंपनीचा पहिला डेटा मॉडेल तोच. मी ती वही पानन् पान स्कॅन करून घेतली आणि जे टूल घेऊ त्यात हे शेरे जसेच्या तसे मराठीत टाकता आले पाहिजेत असा निकष वाढवला.

हा निकष ऐकायला साधा वाटतो पण त्याने एक महागडं टूल बाद झालं, नाव घेत नाही. स्क्रीनवर मराठी व्यवस्थित दिसायचं, पण पीडीएफ काढली की जोडाक्षरं फुटायची, 'पार्टी' मधला रफार सुटून बाजूला, 'रद्द' चे दोन द वेगळे. सपोर्टला कळवलं, उत्तर आलं की इंग्रजीत लिहा. आमच्या स्टोअरमधले, डिस्पॅचमधले लोक मराठीत वाचतात, त्यांनीच तपासायचंय हे मॉडेल बरोबर आहे की नाही, मग इंग्रजीत लिहून मी कुणाला दाखवू. व्हेंडरच्या डेमोमध्ये हे कधीच दिसत नाही, म्हणून ट्रायल कॉपीत पहिल्याच दिवशी 'स्त्री, क्षेत्र, पर्चेस ऑर्डर, श्रीरामपूर' असं लिहून प्रिंट काढून बघा.

नकाशाच्या कामासाठी आम्ही तीन गोष्टी बघितल्या. एक वेबवर चालणारा मोठा सूट म्हणजे टूलचा संच, एक स्पार्क्सचं एंटरप्राइझ आर्किटेक्ट, आणि एक आर्की, जे ओपन सोर्स आहे. मोठा सूट सुंदर होता हे मान्य करायलाच पाहिजे. प्रत्येक सिस्टिमच्या मालकाला आपोआप प्रश्नावली जाते, तो उत्तर भरतो, कुठल्या सिस्टिमचं आयुष्य कधी संपतंय त्याची पट्टी दिसते. पण मी आमच्या सिस्टिम मोजल्या तर ४३. त्यातल्या ११ तर एक्सेल फाइल, पण मी त्या मोजल्या, कारण डिस्पॅचची एक्सेल एक दिवस उघडली नाही तर चाकणचा प्लांट थांबतो. ४३ सिस्टिमच्या मालकांना मी कँटीनमध्ये रोज भेटते, त्यांना प्रश्नावली पाठवायला वर्षाची वर्गणी कशाला. चारशे-पाचशे सिस्टिम असलेल्या, दहा शहरांत पसरलेल्या कंपनीने मात्र तोच घ्यावा, तिथे हाताने हे जमणारच नाही. स्पार्क्समध्ये यूएमएल, बीपीएमएन, आर्किमेट या चिन्हांच्या भाषा, डेटाबेस सगळं एका छताखाली आहे, ताकद खूप आहे, पण आमच्यासारख्या तीन माणसांच्या टीमला त्यातलं किती वापरलं जाईल याचा प्रामाणिक अंदाज घेतला तर एक पंचमांशही नाही.

पैशाच्या बाबतीत अकाउंट्सच्या साहेबांनी जे प्रश्न विचारले ते मला आधी सुचलेही नव्हते. परदेशी कंपनीकडून थेट घेतलं तर जीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा, डॉलरमध्ये पेमेंट म्हणजे परदेशात पैसे पाठवण्यासाठीचे आयकराचे कागद, आणि सॉफ्टवेअरच्या पैशाला रॉयल्टी धरून टीडीएस कापायचा का हा जुना वाद, ज्यावर सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिसच्या केसमध्ये निकाल दिला की तयार सॉफ्टवेअर वापरायला घेण्याचे पैसे रॉयल्टी होत नाहीत. साहेबांनी ही सगळी माहिती मला समजावून सांगितली आणि म्हणाले कोटेशन भारतातल्या पार्टनरकडून रुपयात मागा, तुमचं निम्मं काम कमी होईल. झालंही तसंच. आयटीवाल्यांनी अकाउंट्सला पहिल्या मीटिंगपासून घ्यावं, शेवटच्या सहीला नाही.

अजून एक प्रश्न त्यांनीच विचारला, "ही कंपनी विकली गेली तर?" मी घरी जाऊन या टूलचे इतिहास वाचले आणि थक्क झाले. अर्विन हे डेटा मॉडेलिंगचं टूल आधी लॉजिक वर्क्सचं होतं, मग प्लॅटिनम, मग सीए, मग काही वर्षं स्वतंत्र, आणि २०२१ पासून क्वेस्टकडे. तसंच दुसरं टूल पॉवरडिझायनर फ्रान्समध्ये जन्मलं, पॉवरसॉफ्ट आणि सायबेस करत २०१० मध्ये सॅपच्या घरात आलं. नकाशाच्या कामाचं लीनआयएक्स २०२३ मध्ये सॅपने घेतलं. यात त्या टूलचा काही दोष नाही, चांगली आहेत म्हणूनच विकत घेतली जातात, पण दर मालकाबरोबर लायसन्सच्या अटी बदलू शकतात, आणि आपलं मॉडेल दहा-पंधरा वर्षं टिकायचंय. म्हणून आम्ही शेवटची परीक्षा ठेवली बाहेर पडण्याची. मॉडेल टूलमध्ये बनवा, एक्सपोर्ट करा, दुसऱ्या टूलमध्ये उघडा, आणि काय काय हरवलं ते मोजा. आर्किमेटच्या मॉडेलसाठी ओपन ग्रुपचा एक एक्स्चेंज फॉरमॅट आहे, त्यातून आर्कीमधली सगळी एलिमेंट आणि नाती स्पार्क्समध्ये गेली, रंग आणि मांडणी थोडी विस्कटली. एका दुसऱ्या टूलमधून मात्र बाहेर निघालं ते फक्त चित्र. चित्र म्हणजे मॉडेल नव्हे, चित्राला विचारता येत नाही की होसूरचा प्लांट आला तर काय काय बदलेल.

सहाव्या महिन्यात एमडी साहेबांसमोर बसलो. मी सांगितलं की नकाशासाठी आर्की आणि डेटासाठी ओरॅकलचं डेटा मॉडेलर, दोन्हींना लायसन्सचा खर्च शून्य. ते लगेच हो म्हणाले नाहीत. "फुकटचं का? उद्या अडलं तर कुणाला धरायचं?" हा प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं की आपल्याला अडणार आहे ते टूलमध्ये नाही, मॉडेल ताजं ठेवण्यात. आज काढलेला नकाशा सहा महिन्यांत शिळा होतो. म्हणून मंजूर झालेल्या रकमेतून मला एक माणूस द्या, ज्याचं पूर्णवेळ काम हेच असेल, आणि वर्षभराने बघू, एकाच वेळी पाच-सहा जण मॉडेलवर काम करायला लागले आणि हे अपुरं पडलं तर मी स्वतः पैसे भरून घ्यायच्या टूलचा प्रस्ताव घेऊन येईन, मॉडेल आपलं असेल, न्यायला अडचण नाही. त्यांनी अकाउंट्सच्या साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, माणूस द्या.

शिरवळची एक मुलगी घेतली, दोन वर्षांचा अनुभव, डोकं लख्ख. तिने आर्कीत गिटवरून (बदलांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) एकत्र काम करायचं प्लगइन बसवलं, त्यामुळे कोणी कधी काय बदललं त्याचा हिशोब राहतो. ग्राहकाची तीन पातळ्यांची रचना तिने मांडली, समूह, नोंदणी आणि प्लांट, आणि ईआरपीत इनव्हॉइस करताना आधी प्लांट निवडायचा, त्यावरून जीएसटी नंबर आपोआप येणार, हाताने निवडायचा नाही असा बदल करून घेतला. हे करताना दुसरंच एक समोर आलं, कंत्राटी कामगारांच्या आधार कार्डच्या प्रती चार वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेल्या, त्यातली एक तर सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून एचआरवाले विचारतच होते की असा डेटा आपल्याकडे कुठे कुठे आहे, तर त्याचं उत्तर आम्हाला असं मिळालं. ते फोल्डर त्याच दिवशी बंद केलं.

नकाशाची प्रिंट आम्ही ड्रॉइंग ऑफिसच्या प्लॉटरवर मोठ्या कागदावर काढून डिस्पॅचच्या भिंतीवर लावली आहे. कामं पिवळी, सिस्टिम निळ्या, सर्व्हर हिरवे. शेजारी दोरीला पेन्सिल बांधली आहे. पहिले दोन आठवडे कुणी हात लावला नाही. मग एका सोमवारी सकाळी गेले तर 'डिस्पॅच एक्सेल' च्या निळ्या चौकोनातून एक नवी रेष पेन्सिलने काढलेली, सरळ 'रिजेक्शन रजिस्टर' कडे जाणारी, आणि त्यावर डिस्पॅचच्या दादांच्या अक्षरात, 'हे रोज रात्री आठला मी व्हॉट्सॲपवर पाठवतो, तुमच्या चित्रात नाही'. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मी दादांना थांबवून विचारलं, किती वर्षं पाठवताय? म्हणाले, सहा. शिरवळच्या मुलीने लगेच लॅपटॉप उघडला आणि त्यांना शेजारी स्टुलावर बसवून घेतलं.